कोरड्या तळ्यातलं बंदर

तळं भरलेलं असतं तेव्हा मी गावाकडं जात नाही. भरल्या तळ्याचे फोटो भावकीतली पोरं फोनवर पाठवतात. सांडव्यावरून पाणी पडतंय, बगळे उतरलेत, कुणीतरी फेटा बांधून जलपूजन करतंय. मी बघते आणि पुसून टाकते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि तळ उघडा पडतो, त्या वर्षी मात्र एखाद्या सकाळी एस.टी.त बसते आणि जाते. सोबत कुणाला नेत नाही. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर चढते, पलीकडं उतरते आणि भेगाळलेल्या गाळावरून चालत बरोबर मधोमध जाऊन उभी राहते.

वय झालं की माणसाला गावाची माया येते म्हणतात. मला आली नाही. मी तिथं जाते ती राग अजून आहे का ते बघायला. असतो.

यंदाही गेले. उन्हं नुकती चढत होती. कडेनं येडी बाभळ माजलेली, भेगा अशा की पाऊल आत जाईल. वाळत्या तळ्याचा वास मला झोपेतही ओळखता येईल. तापल्या तव्यावर ओलं फडकं टाकल्यावर जो येतो तसला काहीतरी, त्यात मेलेल्या माशांचा उग्रपणा, म्हशींच्या जुन्या शेणाचा तुरट दर्प, आणि या सगळ्याच्या तळाशी थंड, काळ्या मातीचा एक गोड वास. तो गोड वास सगळ्यात लबाड. एवढं होऊनही इथं पाणी होतं, पाणी येईल, असं तो सांगत राहतो.

याच जागी, चाळीसेक वर्षांपूर्वी, आम्ही नववीच्या पोरापोरींनी एक बंदर उभं केलं होतं. भूमध्य समुद्रावरचं. आमच्यापैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. ज्यांनी ते बंदर शिकवलं त्या सरांनीसुद्धा नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आमच्या अहमदपूरकडच्या माणसाला उस्मानाबाद फार लांब पडायचं. कागद घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायचा, आणि साहेब भेटला नाही म्हणून सांगायचा. आता सगळं लातूरला. शाळेच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवलं, पण तिरप्या उन्हात खरवडलेली अक्षरं खालून दिसायचीच. वह्यांवर आम्ही नव्या जिल्ह्याचं नाव घोटून घोटून काढलं. आणि त्याच सुमारास पाऊस गेला. एक वर्ष, मग दुसरं. पारावरची माणसं म्हणायची, "जिल्हा दिला आन् पानी नेलं."

त्या दिवसांचा आवाज म्हणजे हातोड्यांचा आवाज. रोजगार हमीवर खडी फोडायचं काम शाळेच्या मागच्या माळावर सुरू होतं. सकाळी आम्ही प्रार्थनेला उभं राहायचो तेव्हा मागून टक्, टक्, टक् चाललेलं असायचं, आणि त्या शेकडो हातोड्यांत माझ्या मायचाही एक होता. ती घरी आली की तिच्या केसांना, लुगड्याला, हातांच्या रेषांना दगडाच्या पिठीचा वास यायचा. भाकरीलाही तो लागायचा. बहुतेक दिवस भाकरी नसायचीच. हुलग्याचं पातळ माडगं असायचं, ते पिताना तोंडात कचकच लागायची.

आमच्या वस्तीतला आड सगळ्यात आधी आटला. गावात पाणी उरलं ते तळ्याच्या कडेला आप्पांच्या विहिरीला. आप्पा म्हणजे गावातले मोठे बागाईतदार. शाळेच्या पंच कमिटीवर होते. त्यांची मुलगी सुलोचना माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. विहिरीला कडं होतं, रहाट होता, आणि आमच्या वस्तीच्या बायकांनी रहाटाला हात लावायचा नाही हा नियम होता. तो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. बायका घागरी घेऊन लिंबाखाली बसायच्या. कुणाला दया आली की वरून ओतायचं. ओतताना घागरीला पोहरा लागू नये म्हणून हात उंच धरायचे, त्यामुळं अर्धं पाणी बाहेरच सांडायचं. त्या दुष्काळात, त्या विहिरीपाशी, लिंबाच्या खालची जमीन तेवढी कायम ओली असायची.

भूगोलाचे सर उदगीरकडचे. पस्तिशीतले, सडपातळ, खिशाला कायम खडूचे डाग. गावात खोली घेऊन एकटे राहायचे. त्यांच्या वर्गात हातोड्यांचा आवाज यायचा बंद व्हायचा, एवढं मी प्रामाणिकपणे सांगते. ते आले आणि त्यांनी भूमध्य सागरी प्रदेशाचा धडा काढला. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. द्राक्षं, संत्री, ऑलिव्ह.

माझा चुलत भाऊ गौतम मागच्या बाकावरून उठला. "सर, उन्हाळा कोरडा म्हणल्यावर त्यांच्यात बी टँकर येतो का?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "त्यांच्याकडं समुद्र असतो," ते म्हणाले.

"पण खारा ना?"

 "खारा," सर म्हणाले, आणि फळ्याकडं वळून त्यांनी निळ्या खडूनं एक वळण काढलं. ते मार्सेल. फ्रान्स देशाचं बंदर.

मग आठवडाभर सर त्या एका वळणातून बाहेर आलेच नाहीत. पुस्तकात त्या बंदराला दोन ओळी होत्या. सरांनी कुठून कुठून वाचलेलं सगळं त्यात ओतलं. तिथं पहाटे मासळीचा बाजार भरतो आणि दुपारी त्याच फरशीवर जाळी विणायला बसतात. आफ्रिकेतून भुईमूग येतो, त्याचं तेल निघतं, तेलाचा साबण होतो, आणि वारा त्या दिशेचा असला की आख्ख्या गावाला साबणाचा वास येतो. मोडकी जहाजं दुरुस्तीला येतात, पत्र्यावर घण पडतात. गलबतांना वाट दाखवायला वाटाड्या होडीतून पुढं जातो. लढाईची जहाजं तिथनंच निघतात आणि लढाईतून पळालेली माणसंही तिथंच उतरतात. जकातीची कचेरी आहे, दीपगृह आहे, परदेशी चिठ्ठ्या वाटणारं पोस्ट आहे. जहाजावर रोगराई असली तर त्याला बंदरात घेत नाहीत, चाळीस दिवस लांब उभं करतात.

"चाळीसच?" गौतम माझ्या कानात म्हणाला. "बरंय की मग."

मी त्याला चिमटा काढला. पण तो आकडा मला कितीतरी दिवस टोचत राहिला. आम्हाला कुणी दिवस मोजून दिले नव्हते.

सर असंही म्हणाले की हे सगळं ज्यांच्या पाठीवर चालतं ते गोदीतले हमाल. त्यांनी हात बांधून बसायचं ठरवलं की जहाजं महिना महिना उभी राहतात, आत संत्री सडतात. आणि शेवटी म्हणाले, "पण बंदराचं पहिलं काम कोणतं, माहिताय? जहाज लागलं की त्याला गोडं पाणी देणं. कुणाचं जहाज, कुठल्या देशाचं, हे मागनं विचारतात. आधी पाणी."

सहामाहीत प्रश्न आला, बंदराची कार्ये लिहा. मी लिहीत सुटले. काय लिहिलं ते सगळं आता आठवत नाही. एक ओळ आठवते, कारण सरांनी ती वर्गात दोनदा वाचून दाखवली: "बंदर म्हणजे असे गाव, की ज्याला कोणालाही दारात थांब म्हणता येत नाही." सरांचे डोळे भरून आले होते. माझी वही त्यांनी दोन्ही हातांनी परत दिली. चौदा वर्षांच्या पोरीला कुणी कधी काही दोन्ही हातांनी दिलेलं नसतं. मी त्या दिवशी घरी पळत गेले, मायला सांगितलं. तिनं "बरं" म्हणून घागर माझ्या हातात दिली.

मग बातमी आली की लातूरहून मोठे साहेब शाळा तपासायला येणार आहेत. उस्मानाबादहून कधी कुणी आलं नव्हतं. हेडसरांनी भिंती सारवून घेतल्या. आणि भूगोलाच्या सरांनी ठरवलं की साहेबांना फळ्यावर नकाशा दाखवायचा नाही, बंदरच दाखवायचं. कोरड्या तळ्यात.

आठ दिवस आम्ही तिथं राबलो. त्या आठ दिवसांचं मी आजही काय करू ते मला कळत नाही. टाकून द्यावे तर टाकवत नाहीत. चुन्याच्या फक्कीनं धक्का आखला, जकात कचेरी आखली, मासळी बाजार आखला. पाळीचा उतार झाला किनारा. आप्पांची बैलगाडी मिळाली, तिला दोन बांबू बांधून धोतरं लावली, ती झाली जहाज. पोती भुसकटानं भरली. वाळलेल्या शिंपल्या गोळा करून मासळी बाजारात मांडल्या. कुणी कोण व्हायचं याच्या सरांनी चिठ्ठ्या काढल्या. गौतमला वाटाड्याची चिठ्ठी आली; तो दिवसभर काठीनं हवेतलं पाणी मापत फिरायचा. फक्त बंदराधिकाऱ्याची चिठ्ठी काढली नाही. सर म्हणाले, "ती हिची. हिनं बंदर ओळखलंय."

बंदराधिकाऱ्यानं धक्क्यावर उभं राहून मोठ्यानं जहाजं पुकारायची. मग साहेबांची जीप पाळीवरून खाली येईल, तेच शेवटचं जहाज. बंदराधिकारी पुढं होईल, त्यांना ठिकाण विचारायच्या आधी तांब्यातून पाणी देईल आणि म्हणेल, "आमच्या बंदरात आपलं स्वागत असो."

मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. माझा आवाज पाळीवर आदळून परत यायचा. खडीवरच्या बाया हातोडे थांबवून खाली बघायच्या. माय एकदा म्हणाली, "पार माळावर ऐकू यायलंय तुझं. लई मोठा गळा हाय बाई तुला."

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी सरांनी मला लिंबाखाली बोलावलं. ते माझ्याकडं न बघता हातातली फक्की झटकत होते.

"तू उद्या हमालांत जा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "सर?"

"सुलोचना करेल बंदराधिकारी. तिचा आवाज मोठा आहे. तुझा जरा... लहान पडतो."

  ते गेल्यावर सुलोचना आली. ती वाईट नव्हती, खोटं बोलायचं तिला सुचलं नाही इतकंच. म्हणाली, "सायेबाला पानी द्यायचंय ना. आप्पा हेडसरला म्हणले, कुणाच्या हातानं द्यायलाव, काय रीत हाय का न्हाई. गाडी आमची, तांब्या आमचा." मग जरा वेळानं, "मला ते पाठ हुईना गं. सांगतीस का?"

मी तिला सांगितलं. पुकारायच्या सगळ्या ओळी पाठ होईस्तोवर म्हणवून घेतल्या. का, ते विचारू नका. मी स्वतःला विचारून थकले.

गौतमची काठीही काढून घेतली होती. त्याची बहीण शोभा जकातीत होती, तिलाही हमालांत टाकलं. आधी हमालांत सगळ्या जातींची पोरं होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंच हमाल होतो.

साहेब आले ते ऊन अगदी डोक्यावर आल्यावर. पाळीवर गाव जमलं होतं. खडीचं काम थांबवून बाया आल्या होत्या, डोक्यावर पदर, हातात हातोडे तसेच. जीप धुरळा उडवत खाली उतरली. सुलोचना पुढं झाली, आवाज तिचा बारीकच, "आपलं स्वागत असो," म्हणाली आणि तांब्या पुढं केला. साहेब घटाघटा प्यायले. मिशीवरून पाणी हनुवटीवर आलं, हनुवटीवरून गाळावर पडलं. भेगेनं ते गिळलं. मी बघत होते.

मग आमची वेळ आली. जहाजावरची पोती पाठीवर घेऊन धक्क्यावर रचायची. मी पहिलं पोतं घेतलं. भुसकटाचं पोतं, वजन असं काही नव्हतं. फक्कीच्या रेघेपर्यंत आले आणि तिथंच थांबले. मी पोतं खाली ठेवलं. आणि त्यावर बसले.

गौतम मागून आला. "काय करायलीस?" तो दातातल्या दातात म्हणाला.

"बस."

"ए, मारतेल."

"उगं बस."

तो बसला. शोभा आमच्या दोघांकडं बघून, रडकुंडीला येऊन, बसली. बैलगाडीतली बाकीची पोती तशीच. जकात अधिकारी झालेला पोरगा हातात वही धरून उभा. मासळीवाल्या पोरी ओरडायच्या थांबल्या. सगळं बंदर थांबलं. पाळीवरून आप्पांचा आवाज आला, "ए पोट्ट्यांनो, उठता का?" हेडसर दोन पावलं पुढं आले. भूगोलाचे सर गाडीच्या आडून, ओठ न हलवता, "उठा, उठा, उठ पोरी" म्हणत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. मी नजर खाली केली नाही. मला वाटत होतं, आता ते खरं काय ते बोलतील. बोलले नाहीत तरी साहेब विचारतील, आणि मी सांगेन. आख्ख्या गावासमोर, लातूरहून आलेल्या साहेबासमोर, ज्या गळ्याला लहान म्हणाले त्याच गळ्यानं सांगेन. शब्द माझ्या तोंडात येऊन बसले होते.

साहेबांनी कपाळावरचा घाम दस्तीनं पुसला. "गुरुजी, हे काय?"

सर माझ्याकडं बघत होते. एक क्षण, फार तर दोन. मग ते गाडीआडून बाहेर आले, हात जोडले आणि हसले.

"साहेब, हा गोदी कामगारांचा संप. बंदराच्या जीवनाचा तोही एक भाग आहे. मुलांना सगळं कळावं म्हणून घातलाय."

साहेब खूश झाले. "वा! अहो, वा!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वाजवल्या म्हणून हेडसरांनी वाजवल्या, मग आप्पांनी, मग पाळीवरच्या साऱ्या गावानं. खडीवरच्या बायांनीसुद्धा हातोडे काखेत धरून वाजवल्या. माझ्या मायनं वाजवल्या.

त्या टाळ्यांत मी पोत्यावर बसून होते. बोलायला तोंड उघडलं, पण आता काय बोलणार? जे बोलणार होते ते नाटकातलंच झालं असतं. सुलोचना माझ्याकडं बघून हसली, तिला वाटलं सरांनी तिला न सांगता हे ठरवलं होतं.

पुढं काही झालं नाही. हेच मला कुणाला पटवून देता येत नाही. आम्हाला कुणी मारलं नाही, शाळेतून काढलं नाही. साहेब जाताना मला म्हणाले, "छान काम केलंस, चेहऱ्यावर राग अगदी खरा वाटत होता." हेडसरांनी मान डोलावली. संध्याकाळी घरी गेले तेव्हा माय चुलीपाशी होती. तिला मी सगळं सांगितलं, कुणी काय म्हटलं, आवाज लहान कसा, हमाल आम्हीच का. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तरनं वाचिवलं तुला. त्यो तसं म्हणला नसता तं आज आपल्या वस्तीला त्या हिरीचं पानी मिळालं नसतं. सांडीत का हुईना, मिळतंय ते."

मला माहीत होतं. मी बसले तेव्हाही मला ते कुठंतरी माहीत होतं. पण वाचवणारा माणूस तोच होता, ज्यानं आदल्या दुपारी मला बुडवलं. त्यानं एका वाक्यात स्वतःलाही वाचवलं, मलाही, हेडसरला, आप्पाला, सगळ्या गावाला. त्या दिवशी त्या कोरड्या तळ्यात कुणीच बुडालं नाही. माझं तेवढं काय बुडालं ते कुणाला दिसलं नाही.

वार्षिक परीक्षेत पुन्हा तोच प्रश्न आला. मी प्रश्नाचा क्रमांक टाकला आणि पान कोरं सोडलं. पुढचे प्रश्न लिहिले. पेपर मिळाला तेव्हा त्या कोऱ्या पानाखाली लाल शाईनं दहापैकी दहा लिहिलेले होते. सर मान खाली घालून दुसऱ्या पोरांचे पेपर वाटत होते. मी त्यांच्या टेबलापाशी गेले, पेपर पुढं ठेवला. म्हटलं, "सर, इथं काही लिहिलेलं न्हाई."

"असू दे," ते हलकेच म्हणाले.

"कापा."

त्यांनी कापले नाहीत. जूनमध्ये त्यांची लातूरला बदली झाली. लोक म्हणाले, बंदरामुळं साहेबांच्या नजरेत भरले. ते गेले त्या दिवशी वर्ग त्यांना सोडायला फाट्यापर्यंत गेला. मी गेले नाही. घरात बसून मी त्यांची गाडी जाताना ऐकली.

मी नांदेडला शिकले. भूगोल घेतला नाही. एस.टी.त लागले, आधी आगारात कारकून, पुढं स्टँडवर वाहतूक नियंत्रक. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या स्टँडवर काचेच्या केबिनमध्ये बसून मी गाड्या पुकारते. आता नोकरीचे थोडेच महिने उरलेत. मला माझं काम आवडतं. स्टँडवर सगळी येतात, माहूरला निघालेल्या बाया, दवाखान्याला निघालेली माणसं, परीक्षेची पोरं, लग्नातली भांडी. मी कुणाचं काही विचारत नाही. गाडीचं नाव सांगते आणि वेळ सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळाच होता. लातूरची गाडी फलाटाला लागली होती. मी माइकवरून तिचं नाव पुकारलं आणि तेवढ्यात केबिनच्या खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, कापडी पिशवी, कानात यंत्र. माझ्याकडं बघून त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"हा आवाज," ते म्हणाले. "बाहेर बाकावर बसलो होतो. हा आवाज मी कुठंही ओळखेन."

मी त्यांना खिशावरच्या डागावरून ओळखलं. खडूचा नव्हता, शाईचा होता.

"सर," मी म्हणाले. उठले नाही.

"अगं पोरी! काय बंदर केलं होतं आपण!" त्यांनी मागं उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाला हातानं पुढं ओढलं. "ही माझी विद्यार्थिनी. कोरड्या तळ्यात आम्ही मार्सेल उभं केलं होतं, मार्सेल! जिल्हा नवा होता तेव्हा. मोठे साहेब आले होते. संप काय घातला होता त्यात, साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. कल्पना हिची बरं का. मी आयुष्यभर वर्गात सांगत आलो, कल्पना माझ्या एका मुलीची."

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. मी फार बारकाईनं शोधली. थोडी जरी सापडली असती तर मी त्यांना काचेआड बोलावलं असतं, खुर्ची दिली असती, भांडले असते.

"सर," मी विचारलं, "बंदराधिकारी कोण होतं?"

त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. "काय?"

"बंदराधिकारी. साहेबांना पाणी कुणी दिलं?"

ते हसले, असा कसला प्रश्न विचारते म्हणून. "तूच की. तूच दिलंस. अजून डोळ्यांपुढं आहे माझ्या. तांब्या दोन्ही हातांत धरलेला, आणि तो तुझा खणखणीत आवाज. मी तेव्हाच म्हणालो होतो, आवाज असावा तर असा."

लातूरच्या गाडीचा कंडक्टर दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता. त्यानं सरांकडं बोट केलं. "मॅडम, बाबा मघापास्नं लातूर लातूर करायलेत. थांबू का दोन मिनिट?"

सरांची त्याच्याकडं पाठ होती. ते त्या अनोळखी माणसाला जकात कचेरी कुठं आखली होती ते हातानं हवेत दाखवत होते.

"टाइम झाला," मी म्हणाले. "सोड."

घंटी वाजली. गाडी मागं सरली, वळली आणि स्टँडच्या तोंडातून बाहेर गेली. सर बोलतच होते. मासळी बाजार झाला, दीपगृह झालं. मग तो माणूस कंटाळून निघून गेला तेव्हा त्यांनी वळून रिकामा फलाट बघितला.

"अगं, माझी गाडी?"

"गेली, सर."

"आता?"

"पाऊण तासानं आहे."

मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. मी तो बघायला तयार होते. पण त्यांनी पिशवी खांद्यावरून काढली, खिडकीखालच्या कट्ट्यावर ठेवली आणि समाधानानं पुसट हसले. "बरं झालं बघ. तेवढ्याच गप्पा होतील."

मी काच ओढून घेतली.

काचेपलीकडं त्यांचे ओठ हलत राहिले, हात हवेत काहीतरी आखत राहिले. उदगीरची गाडी आत शिरत होती. मी माइक जवळ ओढला आणि तिचं नाव पुकारलं, एकदा, आणि मग पुन्हा एकदा, स्टँडच्या पत्र्यावर आदळून परत येईल एवढ्या मोठ्यानं.